चुकीच्या खात्यात गेलेली मजुरी

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलायचं काम करतो. मागच्या महिन्याची ९,४०० रुपये मजुरी दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेली. चिठ्ठीवर मी मराठी आकड्यात खाते नंबर लिहून दिला होता, त्यातला ६ मुनीमानं ३ वाचला, एवढंच झालं. नाव माझंच टाकलं होतं, पण बँकेत विचारलं तर कळलं की एनईएफटीत, म्हणजे बँकेतून खात्यावर पैसे पाठवायच्या पद्धतीत, पैसे फक्त खाते नंबरावर जमा होतात, नाव जुळवत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवायच्या आधी समोरच्या खात्याचं नाव बघायची सोय आहे, तीही फुकट, मग मुनीमानं एकदा बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

बँक म्हणते समोरच्याच्या संमतीशिवाय पैसे परत काढता येत नाहीत. मालक म्हणतो मी तर पाठवले. अहो पण माझ्या हातात मजुरी आलीच नाही तर ती दिली कशी म्हणायची? ती वसुली मालकानं करावी, करार कायदा १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकून आलेला पैसा परत करावाच लागतो. बँकेत तक्रार लेखी द्या, पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हे मला पंधरा दिवस हेलपाटे घातल्यावर कळलं.

किराणावाला उधार देईना झालाय, लेकराची फी राहिलीय. ज्यांच्या खात्यात गेले त्यांनी कृपा करून बँकेत संमतीची सही द्यावी.

– एक जिनिंग कामगार, जि. परभणी