‘पोराला जमत नाही’ म्हणण्याआधी व्हायोलिन मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे व्हायोलिन-पियानोच्या खासगी शिकवणीला मुलं येतात आणि शाळा उघडेपर्यंत बरीच गळतात. घरचे म्हणतात, ‘पोराला जमत नाही.’ हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा हातात दिलेल्या वाद्याचा असतो.

व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण अशा मापांत मिळतं. पावाहून लहानही असतं. पण वाढत्या अंगाचा गणवेश घ्यावा तसं आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाचं घेतलं जातं. मग डावा हात ताणला जातो, मनगट दांडीला टेकतं, करंगळी जागेपर्यंत पोचत नाही आणि सूर उतरलेलाच लागतो. माप काढायला मिनिटही लागत नाही. मुलाला डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरायला सांगा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेप धरा. साधारण 23 इंच किंवा जास्त भरलं तरच पूर्ण माप. 22 च्या आसपास पाऊण, 20 ला अर्धं, 18 ला पाव. मधेच अडकलं तर लहान घ्यावं.

‘नवं व्हायोलिन वाजतच नाही’ हीही नेहमीची तक्रार. नव्या गजाच्या (ज्याने व्हायोलिन वाजवतात ती काठी) केसांना राळ, म्हणजे झाडाच्या चिकाचा घट्ट खडा, लागलेली नसते, म्हणून ते तारेवरून नुसते घसरतात. नवी राळही गुळगुळीत असते. बारीक पॉलिश पेपरने तिचा वरचा थर खरवडा आणि गज पाच-सात मिनिटं पूर्ण लांबीने फिरवा. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते. तारा ताणायच्या खुंट्या पिळताना ती वरून दांडीकडे झुकते, आणि कुणी पाहिलं नाही तर एक दिवस धाडकन आडवी होते. झुकलेली दिसली की तारा किंचित सैल करून दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मागे घ्यावी. चारही तारा मात्र एकदम काढू नयेत. आत उभी असलेली लाकडी काडी पडते आणि ती घरी बसवता येत नाही.

त्यात आपला मे महिना. कोरड्या हवेत खुंट्या आकसून सुटतात; त्या आत दाबत पिळाव्यात. गजाचे केसही आखडतात, म्हणून वाजवून झालं की गज सैल केलाच पाहिजे. उन्हात उभ्या गाडीत व्हायोलिन तासभर राहिलं तरी सांध्यांचा सरस सुटू शकतो. अशा वेळी सुतारकामाचा पांढरा गम कृपा करून लावू नका. पुढच्या दुरुस्तीला सांधा उघडताना लाकूड फाटतं. पियानो असो की व्हायोलिन, कूलरच्या झोतात ठेवू नये. दिवसा ओल, रात्री कोरडं, यात लाकूड फुगतं-आकसतं आणि पियानोच्या तारा गंजतात.

पियानोच्या नावाखाली 61 पट्ट्यांचा हलका कीबोर्ड पलंगावर ठेवून शिकणं हा दुसरा घोळ. त्यावर बोटांना जोर येत नाही आणि खऱ्या पियानोवर बसल्यावर आवाजच निघत नाही. 88 जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो परवडत नसेल, तर निदान दाबानुसार आवाज लहान-मोठा होणारा कीबोर्ड स्टँडवर घ्यावा. कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं पाहिजे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

मोठ्यांना मापाची अडचण नाही, पण ते अंगठ्याने दांडी आवळतात आणि रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई करू पाहतात. रोजची वीस मिनिटं त्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात. लहानांना रोज पंधरा पुरेत.

शिकवणी लावताना पहिल्याच तासाला शिक्षक हाताचं माप घेतात का, घोडी पाहतात का, हे पालकांनी विचारावं. आणि वाद्य त्यानंतरच विकत घ्यावं.

एक संगीतशिक्षक,
जळगाव