‘कितींपैकी किती’ तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यसेवेत डेटाचे महत्त्व सांगणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. रुग्णालयांच्या नोंदी, मनगटावरची घड्याळे, जनुकीय चाचण्या यांतून साचत जाणाऱ्या माहितीचा उपयोग त्यात नेमका मांडला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच पानावरच्या दुसऱ्या बातमीबद्दल. एका औषधाने हृदयविकाराचा धोका ‘५० टक्क्यांनी घटतो’, असा तिचा मथळा होता. बातमी शेवटपर्यंत वाचूनही तो धोका मुळात किती होता हे कळले नाही. १०० जणांत २० जणांना झटका येत होता आणि आता १० जणांना येतो, की १००० जणांत दोघांना येत होता आणि आता एकाला? घट दोन्हीकडे ५० टक्केच. पण पहिले औषध कुणीही आनंदाने घेईल आणि दुसऱ्यासाठी जन्मभर रोज गोळी गिळायची का, हा ज्याचा त्याने विचार करायचा प्रश्न आहे. आपल्या बातमीने वाचकाला हा विचार करायची संधीच दिली नाही.

संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले म्हणून मला हे खुपते, असे घरचे म्हणतात. तेही थोडे खरे आहे. पण छेद गाळून नुसता अंश छापला की काय होते, याचा दाखला मोठा आहे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना इशारा दिला की, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांनी तो उचलून धरला. ‘दुप्पट’ हे खोटे नव्हते. आधीच्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७००० स्त्रियांमध्ये एकीला गुठळी होत असे, नव्या गोळ्यांमुळे दोघींना. म्हणजे ७००० मागे एक जास्त. हे वाक्य कुठल्याच मथळ्यात नव्हते. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्याच सोडल्या, नको असताना गर्भ राहिले आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. यातली क्रूर गंमत अशी की, गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

चाचण्यांच्या बातम्यांत तर याहून मोठा घोटाळा होतो. ‘नवी चाचणी ९० टक्के अचूक’ असे छापून येते. वाचक समजतो, चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार असण्याची शक्यता ९० टक्के. हे साफ चूक आहे आणि का, ते कागदावर मांडूनच पाहावे. १००० स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी तपासणी झाली असे समजू. त्यांपैकी १ टक्का, म्हणजे १० जणींना खरोखर कर्करोग आहे. चाचणी त्यातल्या ९ जणींना पकडते, हे झाले ते ९० टक्के. उरलेल्या ९९० जणी निरोगी आहेत, पण चाचणी निरोगी स्त्रियांपैकी ९ टक्क्यांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे सुमारे ८९ जणी. आता पॉझिटिव्ह अहवाल हातात घेतलेल्या एकूण ९८ जणी झाल्या आणि त्यांत कर्करोग असलेल्या फक्त ९. साधारण दहातली एक! उरलेल्या नऊ जणी पुढची तपासणी होईपर्यंत काय भोगतात, ते कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

हे गणित डॉक्टरांना येत असेल, असे आपण धरून चालतो. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना अगदी हेच आकडे टक्केवारीत देऊन उत्तर विचारले. बरोबर उत्तर जेमतेम पाचातल्या एकाने दिले. हीच माहिती ‘हजारांत इतक्या’ अशी मांडायला शिकवल्यावर मात्र बहुतेकांना उत्तर बरोबर आले. तज्ज्ञ मठ्ठ नव्हते. त्यांच्यापुढे आकडे ज्या रूपात आले, ते रूप वाईट होते. बातमीदारांनी हा प्रयोग मनावर घ्यायला हरकत नाही.

कर्करोगाच्या बातम्यांतला आणखी एक लाडका आकडा म्हणजे ‘निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण’. ते वाढले की उपचार सुधारले, असा अर्थ लावला जातो. कधी तो खराही असतो. पण समजा, एका माणसाचा आजार ६७व्या वर्षी लक्षणे दिसल्यावर कळला आणि तो ७०व्या वर्षी गेला. तो पाच वर्षे जगलेल्यांत मोजला जाणार नाही. त्याच माणसाचा आजार चाचणीमुळे ६०व्या वर्षीच कळला आणि तो तरीही ७०व्या वर्षीच गेला, तर तो यशस्वी उपचारांच्या खात्यात जमा! आयुष्य एका दिवसाने वाढलेले नाही, फक्त रुग्ण म्हणून काढलेली वर्षे वाढली.

दक्षिण कोरियात हे देशपातळीवर घडले. तिथे १९९९ मध्ये कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याला जोडून अनेक ठिकाणी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली. २०११ मध्ये गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूचे प्रमाण होते तिथेच राहिले. एरवी कधीच त्रास न देणाऱ्या बारीकशा गाठी सापडत होत्या आणि त्यासाठी माणसांच्या ग्रंथी काढून टाकल्या जात होत्या. अशा ठिकाणी पाच वर्षे जगणाऱ्यांची टक्केवारी अर्थातच झकास दिसते. विचारायला हवे ते एवढेच की, एकूण लोकसंख्येतल्या दर लाखामागे या आजाराने मरणारे कमी झाले का?

यावरून कुणी ‘आकडे काय, हवे तसे वाकवता येतात’ असा निष्कर्ष काढू नये. ते वाक्य मला सर्वांत जास्त चीड आणते, कारण आजची वैद्यकी नीट मोजणाऱ्यांनी उभी केली आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. बाया दिवसाआड या किंवा त्या कक्षात दाखल होत, त्यामुळे दोन्हीकडच्या बाया साधारण सारख्याच, तुलना चोख. तरीही डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. तिथल्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने मृत्यू मोजले आणि त्यांच्याशेजारी बाळंतपणेही मोजली. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येणाऱ्या हातांवर त्याचा संशय गेला. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये त्या कक्षातल्या १०० बाळंतिणींमागे १८ दगावल्या होत्या, जूनमध्ये सुमारे २. जंतूंमुळे रोग होतात, हा सिद्धान्त अजून मान्य व्हायचा होता. त्याच्याजवळ होती ती नोंदवही.

शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली चाचणी प्रसिद्ध झाली. औषध कमी, रुग्ण जास्त. मग कुणाला द्यायचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक क्रमाने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, ठरवले. औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण सहा महिन्यांत दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. बघा, पाऊणशे वर्षांनंतरही हा निकाल कुणालाही एका ओळीत समजतो.

आता आपल्या लेखातल्या ‘प्रचंड डेटा’विषयी. डेटा प्रचंड असला की छेदाची चौकशी करायची गरज उरत नाही, असा समज पसरतो आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कोणत्या रुग्णांना जादा देखभाल लागेल, हे ती सांगत असे. पण आजारपण मोजण्याऐवजी ती उपचारांवर होणारा खर्च मोजत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारासाठी कमी खर्च होत आला होता, म्हणून प्रणालीच्या लेखी ते कमी आजारी ठरले. नोंदींची कमतरता नव्हती, हिशेबातही चूक नव्हती. ज्यांच्यावर खर्चच झाला नाही, त्यांचे दुखणे मोजायला मात्र त्या आकड्यांत जागा नव्हती.

आकड्यांनी बातमी जड होते आणि वाचक पान उलटतो, असे आपले उपसंपादक म्हणतील. खेळाच्या पानावरचा अख्खा धावफलक चवीने वाचणाऱ्या वाचकाला ‘सात हजारांत दोन’ जड जाईल, असे मला वाटत नाही.

म्हणून एक विनंती. औषध, लस, चाचणी किंवा एखाद्या सवयीमुळे धोका वाढला वा घटला अशी बातमी असेल, तेव्हा टक्केवारीच्या शेजारीच आधी कितींपैकी किती आणि नंतर कितींपैकी किती, हे द्यावे. काळही द्यावा, कारण वर्षभरातला धोका आणि आयुष्यभरातला धोका यांत फार अंतर असते. अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर, हे शेवटच्या परिच्छेदात लपवू नये. आणि फायदा ‘५० टक्के’ व दुष्परिणाम ‘हजारांत एक’ अशी दोन मापे एकाच बातमीत वापरू नयेत. ही युक्ती औषधांच्या माहितीपत्रकांत जुनी आहे, बातमीत ती नकळत शिरते. मूळ शोधनिबंधात किंवा कंपनीच्या पत्रकात हे आकडे सापडले नाहीत, तर ‘मूळ धोका किती, हे संशोधकांनी सांगितलेले नाही’ एवढे एक वाक्य तरी बातमीत घालावे, तेही मथळ्याच्या लगेच खाली.

कळावे,
आपला नियमित वाचक
(संख्याशास्त्राचा निवृत्त शिक्षक)