फुलपाखराचे कळते, स्वतःचे नाही

महोदय,

चौथीच्या परिसर अभ्यासात प्राण्यांचा जीवनक्रम असतो. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू हे टप्पे मुले घडाघडा सांगतात. मी तीस वर्षे हेच शिकवले. पण एकदा पाचवीतली मुलगी मधल्या सुट्टीनंतर बाकावरून उठेना. रडतच म्हणाली, 'बाई, मला काहीतरी लागलंय.' तिला पाळी आली होती आणि तिला कोणी काहीच सांगितले नव्हते. तिच्या आईला वाटत होते, अजून वेळ आहे.

मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. म्हणजे सातवी-आठवीतले एखादे व्याख्यान अनेकींना उशिराच मिळते. तेही फक्त मुलींना. मुलगे तेव्हा मैदानावर! आवाज फुटणे, मुरुमे, उगाच येणारा राग यांबद्दल त्यांच्याशी कोण बोलणार?

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये लैंगिक शिक्षणावर उघडपणे लिहिणारे 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले, त्याच महाराष्ट्रात आपण अजून 'तसले विषय' म्हणून कुजबुजतो. हे शिक्षण तिसरी-चौथीपासूनच सुरू व्हावे. तिथे फार काही नको. बाळ, बालपण, किशोरवय, तारुण्य, म्हातारपण हे टप्पे, अवयवांची खरी नावे आणि नकोशा स्पर्शाला 'नाही' म्हणणे, इतके पुरे. घरी आजी आणि तान्हे भावंड असले तर निम्मा धडा तिथेच होतो.

मात्र आधी पालकसभा घ्यावी. माझ्या अनुभवात आया लगेच तयार होतात, वडील सभेलाच येत नाहीत.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा