समारंभांच्या ताटलीत माळव्याची ज्वारी हवी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सध्या लग्नसराई सुरू असून इंदूरच्या कोणत्याही मंगल कार्यालयात जेवणाआधी फिरणाऱ्या ताटल्यांत पनीर टिक्का, चीज बॉल, मैद्याचे रोल आणि सोबत मेयोनीज हेच पदार्थ दिसतात. ज्या माळव्यात सोयाबीनचा प्रसार होण्यापूर्वी खरिपाची ज्वारी मोठ्या प्रमाणावर पिकत आणि खाल्ली जात होती, तिथल्या समारंभात ज्वारीचा एकही पदार्थ नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. परंतु आपल्या पंगतींवर त्याचा परिणाम झालेला दिसत नाही.

ज्वारीला भाताच्या तुलनेत पाणी बरेच कमी लागते आणि तिचा कडबा गुरांना उपयोगी पडतो. आपल्याच मध्य प्रदेशातील दिंडोरी-मंडला भागात होणारी कोदो आणि कुटकी ही बारीक दाण्याची भरडधान्ये तर उथळ, मुरमाड जमिनीतही केवळ पावसाच्या पाण्यावर येतात.

केटरिंगवाल्यांची तक्रार अशी असते की, या धान्यांचे पदार्थ फुटतात आणि गार झाले की कडक होतात. ज्वारीत ग्लूटेन नसल्यामुळे गव्हाच्या कणकेसारखी ती चिकटून येत नाही, हे खरेच आहे. पण त्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. दोन वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी बेसन, भरपूर कोथिंबीर, तीळ, लसूण-मिरचीचे वाटण, हळद आणि मीठ घालून, उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढावी, ती गरम असतानाच मळून वळकट्या कराव्यात आणि वाफवाव्यात. वळकट्या पूर्ण निवल्यावरच कापाव्यात, कारण घाई केली की वड्यांचा भुगा होतो. आयत्या वेळी तव्यावर थोड्या तेलात परतल्या की वड्या बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ राहतात, शिवाय वाफवण्याचे काम आदल्या दिवशी उरकता येते. त्याचप्रमाणे मऊ शिजवलेल्या कोदोत उकडलेला गराडू, म्हणजे माळव्यात हिवाळ्यात मिळणारा कंद, कुस्करून घातला, तर टिक्कीला ब्रेडचा चुरा लागत नाही. भुट्ट्याचा किस, म्हणजे किसलेल्या कोवळ्या मक्याचा इंदुरी पदार्थ, दुधाऐवजी नारळाच्या दुधात शिजवला, तरी त्याचा गोडवा टिकतो. मेयोनीजच्या जागी भाजलेले तीळ, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि लिंबू यांची चटणी सहज चालेल.

असे पदार्थ पाहुण्यांना रुचणार नाहीत, हे म्हणणे मला पटत नाही. थंडीत सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तळलेल्या गराडूसाठी जी गर्दी होते, ती याच शहरातील खवय्यांची असते. खरी अडचण प्रतिष्ठेची आहे. ज्वारी ही गरिबाघरची आणि पनीर पाहुणचाराचे, ही समजूत यजमानांच्या मनात इतकी पक्की बसली आहे की आचाऱ्याने सुचवले तरी तेच नकार देतात.

म्हणून शहरातील मराठी मंडळांना माझी विनंती आहे की, हळदीकुंकू, स्नेहसंमेलने आणि गणेशोत्सवातील अल्पोपाहाराचा ठेका देताना भरडधान्य आणि हंगामी भाज्यांचे निदान दोन पदार्थ ठेवण्याची अट त्यांनी घालावी. आपणही पाककृतींच्या सदरात माळव्यात मिळणाऱ्या धान्य-भाज्यांपासून केलेले असे पदार्थ, पन्नास-शंभर माणसांच्या प्रमाणासह, नियमित द्यावेत; घरगुती मापाच्या कृती समारंभाच्या आचाऱ्यांना उपयोगी पडत नाहीत.

आपली,
एक वाचक, इंदूर