नायरसाहेब, ‘मार्तंड वर्मा’ जपलात, त्याबद्दल

आदरणीय पी. के. नायरसाहेब,

आपण मार्च २०१६ मध्ये गेलात, तरी हे पत्र आपल्याच नावानं लिहिते आहे. ‘मार्तंड वर्मा’ हा मूकपट आज आम्हाला बघायला मिळतो, तो आपल्यामुळे.

सी. व्ही. रामन पिळ्ळै यांची याच नावाची मलयाळम ऐतिहासिक कादंबरी १८९१ची. पी. व्ही. राव यांनी तिच्यावर चित्रपट काढला, तिरुवनंतपुरमला तो लागलाही. पण कादंबरीचे हक्क कमलालय बुक डेपोकडे होते. प्रकरण कोर्टात गेलं, खेळ बंद पडले आणि प्रिंट प्रकाशकाकडेच राहिली. १९७४ साली ती आपण उभारलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली. त्या काळी जुनी रिळं लोक चांदी काढायला विकून टाकत. अशा वेळी चार दशकं पडून राहिलेल्या डब्यांचा आपण पाठपुरावा केलात, त्याचं मोल मी काय सांगू!

मूकपटात दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मलयाळम आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत, म्हणून मलाही कथा कळली. त्रावणकोरच्या गादीसाठी चाललेल्या अठराव्या शतकातल्या कारस्थानांच्या या चित्रपटात तिथल्या तेव्हाच्या महाराजांच्या मिरवणुकीची खरीखुरी दृश्यंही जोडलेली आहेत. मला हा भाग फार आवडतो. बनवणाऱ्यांच्या लेखी तो इतिहास संपलेलाच नव्हता.

मराठी माणसाला हा चित्रपट आणखी एका कारणानं जवळचा वाटावा. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. तो चित्रपट आता उरलेला नाही. शेलारमामा पडद्यावर कसा उभा राहिला, हे वर्णनांवरूनच समजून घ्यायचं. कादंबरीतलं किती पाट्यांवर टाकायचं आणि किती नटाच्या चेहऱ्यावर सोपवायचं, हे त्या काळची मंडळी कसं ठरवत असतील, ते ताडून बघायला ‘मार्तंड वर्मा’ तरी हाताशी आहे.

चित्रपट थोर की सुमार, हे नंतर बघू, आधी तो जपू, अशी आपली भूमिका होती. अंधारात विजेरीच्या उजेडात आपण वहीत रिळामागून रीळ नोंदवत बसायचात. त्या वह्यांसाठी, त्या डब्यांसाठी आणि ‘मार्तंड वर्मा’साठी मनापासून आभार.

आपली,
पुण्यातली एक प्रेक्षक