पत्र्यावर माणूस चढवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला की उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा भागातल्या शेडवर माणसे दिसू लागतात. गळके पत्रे बदलायचे, पन्हाळी साफ करायच्या, गंजलेले हुक आणि वॉशर बघायचे. ही कामे एप्रिलमध्ये सावकाश उरकता येतात, पण निघतात ती वळवाने एकदा मशिनरी भिजवल्यावरच. मग मालकाला गळती उद्याच्या उद्या थांबलेली हवी असते, ठेकेदाराने तीन शेड अंगावर घेतलेले असतात आणि वर चढवलेला पोरगा आदल्या दिवसापर्यंत कुठेतरी स्लॅबच्या कामावर असतो. मी मेंटेनन्समध्ये जन्म काढला आहे, म्हणून या घाईबद्दल चार गोष्टी लिहितो.

सिमेंटचा जुना पत्रा मोडण्याआधी वाकत नाही. लोखंडी पत्रा दबतो, आवाज करतो, माणसाला पाय मागे घ्यायला क्षणभर तरी देतो. सिमेंटचा पत्रा मात्र सरळ तुटतो आणि माणूस खाली जातो. त्यात उजेडासाठी मधेमधे घातलेले प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे असतात. आमच्याकडे फाउंड्रीची, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्याची, काळी धूळ आणि पावसाळ्यातले शेवाळ यांचा थर छपरावर बसला की चार वर्षांत कुठला पत्रा सिमेंटचा आणि कुठला प्लॅस्टिकचा हे वरून ओळखू येत नाही. अनुभवी माणसालाही नाही. शेडच्या आतून मात्र उजेड पडतो ते चौकोन स्पष्ट दिसतात. म्हणजे चढण्याआधी आत उभे राहून वर बघितले आणि खडूने एका कागदावर त्या जागा मांडल्या, तरी निम्मा धोका कळतो. हे करायला कुठलेही यंत्र लागत नाही. करतो कोण?

‘सेफ्टी बेल्ट दिला होता’ हे उत्तर अपघातानंतर हमखास ऐकू येते. दिला असेलही. पण पत्र्याच्या छपरावर तो अडकवायचा कशाला? आढ्याला किंवा छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला, म्हणजे कैचीला, आधी भक्कम दोर बांधलेला नसेल तर कमरेचा पट्टा नुसता कमरेलाच राहतो. म्हणून पहिला प्रश्न बेल्टचा नव्हेच. पहिला प्रश्न असा की हे काम वर न चढता होईल का? पुष्कळदा होते. शेडच्या आतून चाकांचा टॉवर, म्हणजे सरकते मचाण, लावायचा, चाके लॉक करायची, कठड्याच्या आत उभे राहून हुक सोडवायचा आणि पत्रा बदलायचा. छपरावर माणूसच नसेल तर पडेल कोण? वर गेल्याशिवाय भागणारच नसेल तर पर्लिनवर, म्हणजे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या दांड्यांवर, टेकतील अशा लांब फळ्या टाकायच्या, पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही, खाली जाळी बांधायची आणि खालचे मशीन बंद करून जागा दोरीने अडवायची. हेल्मेट आणि बेल्ट हे सगळे झाल्यावर. आपल्याकडे सुरुवातही तिथूनच होते आणि शेवटही तिथेच.

मोठ्या कारखान्यांत यासाठी परमिटचा, म्हणजे धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीचा, फॉर्म असतो. तो पुष्कळदा ऑफिसात बसून भरला जातो. सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा, खाली तीन सह्या, आणि सह्या करणाऱ्यांपैकी त्या शेडखाली उभा राहिलेला एकही नाही. हा कागद माणसाला नाही, फाइलला वाचवतो. कामाच्या जागी, काम करणाऱ्याला सोबत घेऊन, ‘आज इथे काय वेगळे आहे’ असे विचारल्याखेरीज त्याला अर्थ नाही. ‘रोजचंच काम हाय, काय होतंय,’ असे जुनी माणसे म्हणतात. काम रोजचे असेल, पण पत्रा एका वर्षाने जुना झालेला असतो, रात्री सर पडून गेलेली असते, जोडीला आलेला पोरगा नवा असतो आणि खाली दुसऱ्या ठेकेदाराचे वेल्डिंग चालू असते.

पावसाळ्याचा दुसरा धोका फर्नेसजवळचा. उघड्यावर पडलेला भंगार ओला होतो आणि तसाच भट्टीत जातो. वितळलेल्या लोखंडाचे तापमान चौदाशे अंशांच्या आसपास. त्याच्या खाली पाणी सापडले की त्याची क्षणात वाफ होते आणि ती पाण्याच्या साधारण सोळाशे-सतराशे पट जागा मागते. जागा नसली की धातू छतापर्यंत उडतो. बंद तोंडाचा पाइप, जुना शॉक ॲब्सॉर्बर, दमट लॅडल (वितळलेले लोखंड ओतायची बादली), ढवळायला घेतलेली ओली सळई, यातले काहीही पुरते. इथेही तोंडावरची काच हा शेवटचा इलाज. भंगार छपराखाली ठेवणे, बंद नळकांडी आधी कापून घेणे, लॅडल आणि सळई तापवून कोरडी करणे, ही खरी कामे, आणि ती भट्टी पेटवण्याआधीची.

टाक्या आणि विहिरी उपसण्याचाही हाच हंगाम. गावाकडे विहिरीत कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. ती पुरेशी नाही. हवेत ऑक्सिजन साधारण 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला तर आत उतरू नये, पण ज्योत 16-17 टक्क्यांपर्यंत तग धरते. शिवाय गटारात किंवा मळीच्या टाकीत सडण्यातून तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड कंदिलाला कळत नाही. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि ‘वास गेला’ असे वाटते. एक आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. असल्या जागेची हवा जाणकाराने तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, नाहीतर श्वसनाचे उपकरण आणि बाहेरच्या माणसाच्या हातात टोक असलेला दोर असल्याशिवाय कोणी उतरू नये, ही अट 1948 च्या कारखाने कायद्यानेच घातली. म्हणजे मी नवे काही सांगत नाही.

त्याच कायद्याने असेही सांगितले की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात. भाषेचा वाद आमच्या सीमाभागाच्या पाचवीलाच पुजलेला, पण या बाबतीत मी तो बाजूला ठेवतो. एकाच शेडमध्ये खानापूरचा मराठी, बैलहोंगलचा कन्नड आणि बिहारचा हिंदी बोलणारा कामगार असतो. पाटी कुठल्याही भाषेत लावा, चढणाऱ्याला त्याच्या बोलीत समजावा आणि मग ‘आता तू कसं करणार ते सांग’ म्हणून त्याच्याच तोंडून ऐका. तो अडखळला तर काम थांबवा.

पैशाचे बोलायलाच हवे, कारण गाडी तिथेच अडते. पत्र्याच्या कामाचे कोटेशन मागवले की ठेकेदार पत्र्यामागे दर लावतो. त्यात टॉवरचे भाडे नसते, फळ्या नसतात, जाळी नसते. ज्याने ते धरले त्याचे कोटेशन महाग म्हणून बाजूला पडते. माझ्या मते अपघाताची सही इथे, ऑर्डरवर होते. चढणाऱ्या पोराच्या निष्काळजीपणाबद्दल बोलणारे मालक ही ऑर्डर आधी काढून बघत नाहीत. कामगारांची संख्या कमी म्हणून कारखान्यांच्या कायद्याबाहेर राहिलेल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनाही एवढे करता येईल. एकेकट्याला टॉवर परवडत नसेल तर गल्लीतल्या पाच-सहा जणांनी मिळून भाड्याने आणावा आणि पाळीपाळीने वापरावा. उद्योजकांच्या संघटनांनी मनावर घेतले तर हे एका बैठकीचे काम आहे.

संपादक महाशय, एक विनंती आपल्यालाही. ‘तोल जाऊन पडल्याने कामगाराचा मृत्यू’ एवढ्या तीन ओळींत बातमी संपते. आपल्या वार्ताहरांनी पुढचे थोडे विचारावे: छपरावर फळ्या होत्या का, दोर कशाला बांधला होता, खाली जाळी होती का, आणि कामाच्या ऑर्डरमध्ये यातले काय काय धरले होते. उत्तरे मिळतील तशी छापावीत. मिळाली नाहीत तर तेही छापावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन, अनगोळ, बेळगाव