तेरावा राउंड

नागपूर,
मे महिन्यातला रविवार, पहाटे साडेपाच

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप परवा रात्री वाचला आणि झोपच उडाली. "जुने बॉक्सर म्हणजे निव्वळ जुन्या फोटोंवरचं प्रेम आहे, उसिकसमोर जो लुईस सहा राउंडही टिकला नसता," असं तू लिहिलंस. म्हणजे युक्रेनच्या आजच्या ओलेक्झांडर उसिकसमोर माझा जुना जगज्जेता लुईस काहीच नाही! फोन केला असता तर आपण भांडलो असतो आणि मला जे सांगायचंय ते राहूनच गेलं असतं. म्हणून कागद घेऊन बसलो. नवतपा लागायचा आहे अजून, पण रात्री दोनलाही कूलर गरमच हवा फेकतो. लिहायला हीच काय ती बरी वेळ.

आधी तुझं जे बरोबर आहे ते मान्य करतो. हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यांत वजनदार गटात, तू जिंकलास. रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला, ४९ जिंकला आणि १९५६ मध्ये अजिंक्य असतानाच बाजूला झाला. पण त्याचं वजन १८५ पौंडांच्या आसपास, उंची सहा फुटांच्या आत. मे २०२४ मध्ये रियाधला उसिकसमोर टायसन फ्युरी २६२ पौंडांचा, सहा फूट नऊ इंचांचा उभा होता. मधे पस्तीस किलोंचा फरक, म्हणजे अख्खं एक शाळकरी पोरगं. मार्सियानो आज असता तर त्याला हेवीवेटच्या खालच्या गटात, क्रूझरवेटमध्येच उतरवलं असतं. आणि एवढ्या धिप्पाड फ्युरीला उसिकने बारा राउंड नुसत्या पायांच्या जोरावर फिरवलं, नवव्यात तर दोरांना टेकवून असा झोडला की रेफ्रीला मधे पडून आकडे मोजावे लागले. ते पाय लुईसला सापडले नसते, हे मलाही दिसतं. लुईस एकेक पाऊल सरकत पुढे यायचा, समोरचा उभा राहिला की संपला. उसिक उभाच राहत नाही. एक अली तेवढा मी तुझ्या हवाली करणार नाही, बाकीचे घे.

पण हेवीवेटवरून सगळा खेळ मोजू नको. जरा खालच्या वजनांत ये. तिथे माणसं तेव्हा जेवढी होती तेवढीच आजही आहेत, १४७ पौंड म्हणजे १४७ पौंड. तरी त्यातही एक मेख आहे. तेव्हा लढतीच्या दिवशीच वजन व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं. पोरं अंगातलं पाणी पिळून काट्यावर चढतात आणि रात्रभरात खाऊन-पिऊन कितीतरी पौंड परत चढवतात. म्हणजे कागदावर जो १४७ चा आहे, तो रिंगमध्ये १४७ चा नसतो. हे धरलं तरी मी शुगर रे रॉबिन्सनचंच नाव घेईन.

का ते ऐक. रॉबिन्सन ऑक्टोबर १९४० मध्ये व्यावसायिक झाला. फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवलं, तोवर त्याच्या ४० लढती झाल्या होत्या आणि चाळीसही त्याने जिंकल्या होत्या. हरल्यावर तीन आठवड्यांत तो पुन्हा त्याच लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला, आणि मधल्या दिवसांत आणखी एक लढत उरकून घेतली. त्यानंतर पुढची आठ वर्षं तो हरला नाही. उसिकने फ्युरीला हरवलं ती त्याची बाविसावी व्यावसायिक लढत होती. उसिक कच्चा आहे असं मी म्हणत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं सोनं त्याच्याकडे आहे, हौशी बॉक्सिंगमध्ये तो घासून तयार झालाय. पण दर पंधरवड्याला नवा माणूस, नवा डाव, कालची सूज उतरलेली नसताना आज पुन्हा उभं राहायचं, ही शाळा आता बंद झाली. तिथे जे शिकवलं जायचं ते जिममध्ये कितीही चांगला उस्ताद असला तरी शिकवता येत नाही.

शिवाय तेव्हा वजनगट आठ आणि एका गटाला एकच विजेता. आता सतरा गट आणि प्रत्येकावर चार संघटनांचे चार पट्टे. १९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे एकाच वेळी तीन गटांची विजेतेपदं होती, आठांपैकी तीन! आजच्या हिशेबात ते कशाला म्हणायचं, सांग.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती गेल्या महिन्यात माझ्या डोक्यात शिरली आणि निघता निघत नाही.

माझी भाची आता बॉक्सिंगला जाते, तुला सांगितलं होतं ना? २०२१ मध्ये आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण आणलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात हे खूळ. तिला सकाळी मानकापूरच्या संकुलात मीच सोडतो. तिथे बाकावर बसून बघत असतो. आधी हाताला पट्ट्या. अंगठ्यात फास अडकवून मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या फटींतून एकेक वेढा, मग पुन्हा मनगट. शेवटचं टोक ती दातात धरून ओढते. मग बॅगवर तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, हौशी लढतीत असतात तेवढेच. पहिल्यात ठोसा बसला की बॅगेचा आवाज कोरडा, टणक येतो. तिसऱ्याच्या शेवटी तोच आवाज मऊ पडतो, कारण खांद्यातला जोर गेलेला असतो, नुसता हात जाऊन लागतो. हनुवटीजवळ असलेली मूठ हळूहळू छातीपर्यंत उतरते. तिला ते कळतही नाही, उस्ताद ओरडतो तेव्हा कळतं. नऊ मिनिटांत हे होतं. आणि ती बॅग उलटून मारत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी एक वही काढली आणि जुन्या लढती लिहायला बसलो. लिहिता लिहिता एकच आकडा परत परत यायला लागला.

१९४१, जो लुईस विरुद्ध बिली कॉन. कॉन पंचवीसेक पौंडांनी हलका. बारा राउंड झाले तेव्हा दोन जजांकडे कॉन पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्यात लुईसने त्याला झोपवला, राउंड संपायला दोन सेकंद असताना. सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. जर्सी जो वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच राउंडमध्ये खाली पाडलं होतं आणि बाराव्यापर्यंत तिन्ही जजांकडे तोच पुढे होता. तेराव्यात एक उजवा, आणि मार्सियानो जगज्जेता.

आणि त्याच वर्षीचा जून, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. रॉबिन्सन स्वतःचा गट सोडून वरच्या गटाचा विजेता असलेल्या जोई मॅक्सिमशी लढायला गेला. रिंगजवळ १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ४० सेल्सिअस. आपल्याकडे तेवढ्याला कोणी ऊन म्हणत नाही हे खरं. पण तू विचार कर, चाळीस अंशांत, वरून दिव्यांची आग, आणि समोर तुझ्यापेक्षा वजनदार माणूस तुझ्या अंगावर रेलतोय. दहाव्या राउंडनंतर रेफ्रीलाच उष्मा लागला, त्याला बदलावं लागलं! रॉबिन्सन गुणांवर सरळ पुढे होता. तेराव्यात त्याचे पाय गेले, चौदाव्याची घंटा झाली तेव्हा तो स्टुलावरून उठलाच नाही. दोनशेच्या आसपास लढती लढलेल्या त्या माणसाची लढत अशी थांबली ती आयुष्यात एकदाच, आणि ती उन्हाने थांबवली.

तेव्हा विजेतेपदाची लढत पंधरा राउंडांची असायची, आता बाराची असते. तिन्ही लढती बारा राउंडांच्या असत्या तर? कॉन जगज्जेता झाला असता. मार्सियानो हरला असता, मग ते ४९ पैकी ४९ कुठलं? रॉबिन्सनकडे तिसऱ्या गटाचं विजेतेपद आलं असतं. म्हणजे बघ, आपण ज्यांना थोर म्हणतो त्यांची थोरवी त्या तेराव्या राउंडने ठरवलीय, आणि आजच्या पोरांना तो राउंडच नाही. क्रॉफर्ड, इनोए, उसिक, तिघेही मला मनापासून आवडतात. पण बारावा संपला की त्यांचा हात वर होतो. तेराव्यात त्यांची मूठ किती खाली आली असती, ते कोणालाच कधी कळणार नाही. तू म्हणतोस जुने टिकले नसते. मला वाटतं, पंधरा राउंडांची लढत ठेव आणि मग बोल.

आता तू विचारशील, मग पंधरा परत आणायचे का? नाही. याबाबतीत माझ्या मनात जराही शंका नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मँचिनीसमोर कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर एका संघटनेने लगेच बारा राउंड केले, पुढच्या पाच-सहा वर्षांत बाकीच्याही आल्या. अलीचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. मनिलामध्ये फ्रेझरशी चौदा राउंड लढल्यावर तो थांबायला हवा होता. थांबला नाही, आणि १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्स असल्याचं कळलं. १९९६ ला अटलांटात मशाल धरलेला त्याचा तो थरथरणारा हात बघून तू उठून बाहेर गेला होतास, आठवतं? मी मागोमाग आलो नाही, कारण माझंही तेच झालं होतं. भाचीच्या डोक्यावर हेडगिअर घालताना मला हे सगळं दिसतं. तिचे तीनच राउंड आहेत याचं मला बरं वाटतं आणि रात्री मी वहीत तेराव्या राउंडच्या लढती लिहितो. दोन्ही माझंच आहे, त्याला मी काय करू?

बर्डीवरच्या फुटपाथवरून आपण घेतलेली ती जुनी क्रीडा मासिकं अजून माझ्याकडे आहेत. परवा माळ्यावरून काढली. अलीच्या पानाला तू लावलेली चिकटपट्टी पार पिवळी पडलीय, पण पान धरून ठेवलंय तिने.

उजाडलं. भाची दारात किट घेऊन उभी आहे, तिला सोडून पत्र टपालात टाकतो. ऊन उतरल्यावर ये, डिसेंबरात. सकाळी तर्री पोहे खाऊ, फुटाळ्यावर बसू. आणि रात्री लुईस-कॉनची लढत पहिल्या घंटेपासून बघू, मधलं काही पुढे ढकलायचं नाही. बाराव्यानंतर मी थांबवेन आणि तुला विचारेन, कोण जिंकतंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
भाऊ